एक सप्तक वर, एक सप्तक खाली: शाळेचं गीत स्टाफ नोटेशनमध्ये आणताना

शाळेला ७५ वर्षं झाली म्हणून माजी विद्यार्थ्यांनी शाळेचं गीत वाद्यवृंदासह सादर करायचं, असं गणपती उठल्यावर आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलं. कार्यक्रम ११ जानेवारी २०२५, शनिवार. गाणारे बहुतेक सांगली-मिरजेतले, पण वाजवणारे चहूकडे पांगलेले. फ्लूटवाली पुण्यात, व्हायोलिनवाले बंगळुरूत, गिटारवाला इथलाच, आणि डबल बास (व्हायोलिनच्या घराण्यातलं, उभं राहून वाजवायचं सर्वांत मोठं वाद्य) वाजवणारा, आम्हाला बराच ज्युनिअर, थेट जर्मनीत श्टुटगार्टला. सगळ्यांची एकत्र तालीम कार्यक्रमाच्या आदल्या दोन दिवसांतच होणार होती. त्यामुळे प्रत्येकाच्या हातात आधी कागद पडायला हवा होता, आणि तोही स्टाफ नोटेशनमधला (पाच रेघांवर स्वर मांडायची पाश्चात्त्य पद्धत), कारण यातल्या निम्म्यांना सारेगम लिहून दिलं तर वाचता येत नाही. "तू हार्मोनियम वाजवतेस आणि कॉम्प्युटरवरही बसतेस" या भांडवलावर काम माझ्याकडे आलं.

माझी तयारी सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला आपली तुलना करता येईल. गांधर्व मंडळाच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिलेल्या. स्टाफ नोटेशन वाचता येतं, पण बोट ठेवून, ओळी मोजत. नोटेशनचं सॉफ्टवेअर कधी उघडलेलं नव्हतं. स्वर भरणं जमेल असं वाटत होतं. पोटात गोळा आला तो वेगळ्याच कारणाने. एकच चाल बायका, पुरुष, फ्लूट, गिटार आणि बास यांना द्यायची म्हणजे ती प्रत्येकासाठी कुठल्या सप्तकात लिहायची, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि नेटवर शोधलं तर एकाच प्रश्नाची तीन वेगळी उत्तरं मिळत होती. तिन्ही बरोबर होती, हे नंतर उमगलं.

सॉफ्टवेअर निवडण्यात फार वेळ गेला नाही. श्टुटगार्टवाला पूर्वी फिनाले वापरायचा, पण २६ ऑगस्ट २०२४ ला कंपनीनेच फिनाले बंद होत असल्याचं जाहीर केलं होतं. सिबेलियस आणि डोरिको विकत घ्यायला समितीने पैसे दिले नसते, आणि मी मागितलेही नसते. लिलिपाँड फुकट आहे, पण त्यात सगळं टाइप करून लिहावं लागतं. तेवढा धीर माझ्यात नाही. उरलं म्यूझस्कोर स्टुडिओ, पूर्ण फुकट, तेव्हा ४.४ ही आवृत्ती चालू होती. एक सूचना: त्याच्यासोबत म्यूझ हब नावाचा प्रोग्रॅम येतो आणि त्यातून भारी आवाज उतरवून घेता येतात. ते काही जीबींचं प्रकरण आहे. ज्याचा लॅपटॉप माझ्यासारखा जुना आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये. मूळचा साधा आवाज सप्तक तपासायला पुरेसा असतो.

खरी सुरुवात कॉम्प्युटरवर झालीच नाही. गीताची चाल आमच्या शाळेच्या जुन्या संगीत मास्तरांची. त्यांच्या हाताची वही शाळेच्या कपाटात होती. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज, अर्जावर शेरा, मग ग्रंथपालांच्या समोर बसून फोटो काढायचे, वही बाहेर न्यायची नाही. हे सगळं रीतसर झालं आणि मला ते आवडलंही, कारण त्या वहीचे कागद हात लावला तर सुटतील असे झालेत.

फोटो घेऊन मी निवृत्त संगीतशिक्षिका असलेल्या आमच्या बाईंकडे गेले. त्यांनी पहिलं पान पाहिलं आणि विचारलं, "टिंबं कुठे आहेत, वर की खाली?"

"वर आहेत, बाई."

"आणि उभ्या रेघा?"

"त्याही वरच."

"मग ही पलुस्करांची पद्धत, अगं. वरचं टिंब म्हणजे मंद्र, वरची उभी रेघ म्हणजे तार. भातखंड्यांच्या सवयीने वाचशील तर मंद्रातला धैवत तारेत जाऊन बसेल."

आमच्या पिढीला भातखंडे पद्धतच ठाऊक: टिंब खाली असेल तर मंद्र, म्हणजे खालचं सप्तक, वर असेल तर तार, म्हणजे वरचं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या लिपीत मंद्राचं टिंब वर येतं. म्हणजे सवयीने वाचलं तर स्वर दोन सप्तकं चुकतो. जुनी वही हाती आली तर ओळखायच्या खुणा बाईंनी दाखवल्या त्या अशा. समेच्या (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या) खाली फुलीऐवजी १ चा आकडा असेल आणि 'खाली'च्या (बिनटाळीच्या मात्रेच्या) जागी शून्याऐवजी अधिक चिन्ह असेल, तर पलुस्कर. आमच्या गीतात आणखी एक पक्का पुरावा होता. चाल भूप रागात, म्हणजे मध्यम आणि निषाद नाहीतच. भातखंडे लिपीत स्वरावर उभी रेघ फक्त तीव्र मध्यमाला असते. इथे ती सा आणि रे यांच्यावर होती. पलुस्करांचं जन्मगाव कुरुंदवाड आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे या भागातल्या जुन्या मास्तरांच्या वह्यांमध्ये ही लिपी दिसली तर नवल नको.

दुसरा प्रश्न सा कुठे धरायचा. वहीत ते लिहिलेलं नसतंच. चाल मंद्र धैवतापासून तार रिषभापर्यंत जाते. बायका एरवी हार्मोनियमच्या काळी चार, काळी पाचला सा धरून गातात, पुरुष काळी एकच्या आसपास. इथे दोघांनी एकत्र गायचं होतं, आणि व्हायोलिन-गिटारला सुटसुटीत पट्टी हवी होती. बाईंनी पांढरी दोन सुचवली, म्हणजे डी. मग बायकांची रेंज झाली बी३ ते ई५ (अक्षर स्वराचं, आकडा सप्तकाचा). पुरुषांची त्याच्या बरोबर एक सप्तक खाली, बी२ ते ई४. दोघांनाही झेपणारी.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवते, कारण फोनवर बोलताना यावरून बराच गोंधळ उडतो. मधला सी, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्वरमोजणीतला (मिडी) क्रमांक ६०, बहुतेक पुस्तकांत सी४ असतो, पण यामाहाच्या पद्धतीत त्यालाच सी३ म्हणतात. आमचा कीबोर्डवाला सी३ म्हणायचा, मी सी४ म्हणायची, आणि दोघांनाही आपापलं खरं वाटायचं. शेवटी "गुरुकिल्लीच्या पट्टीखालच्या पहिल्या लेजर रेषेवरचा सी" असं बोलायचं ठरवलं. लांबलचक आहे, पण त्यात वाद होत नाही. (गुरुकिल्ली म्हणजे ओळीच्या सुरुवातीची ट्रेबल क्लेफची खूण, पट्टी म्हणजे इथे स्वर लिहायच्या पाच रेघा, आणि लेजर रेषा म्हणजे पट्टीबाहेरच्या स्वरासाठीची छोटी जादा रेघ.)

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात स्वर भरायला बसले. केरव्याचं एक आवर्तन, आठ मात्रा, म्हणून चार-चार मात्रांचे दोन बार, म्हणजे पट्टीवरचे दोन खण. म्यूझस्कोरमध्ये एन दाबलं की स्वर भरता येतात, आणि स्वराचं इंग्रजी अक्षर टाइप करायचं. अक्षराला सप्तक नसतं, म्हणून सॉफ्टवेअर मागच्या स्वराला जवळ पडेल ते सप्तक निवडतं. हे ठाऊक नसेल तर भूप भरताना वेड लागायची पाळी येते. सा वरून पंचमावर उडी: डी नंतर ए टाइप केला. वरचा ए पाच स्वरांवर, खालचा चार स्वरांवर. खालचा जवळचा, म्हणून पंचम मंद्रात जाऊन बसतो. सा वरून धैवत घ्या, तोही खालीच जातो. उपाय सोपा आहे. स्वर टाकल्या टाकल्या कंट्रोल धरून वरचा बाण दाबायचा, तो एक सप्तक वर येतो. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. माझ्या डाव्या हाताची करंगळी त्या आठवड्यात कंट्रोलवरच मुक्कामाला होती. नुसता बाण दाबला तर स्वर अर्ध्या स्वराने सरकतो, हेही लक्षात ठेवा. कंट्रोल नीट दाबला गेला नाही तर भूपात कोमल धैवत उगवतो.

बायकांची ओळ पूर्ण झाली, ऐकली, बाईंना फोनवर ऐकवली. त्यांनी एका ठिकाणी थांबायला सांगितलं, पुन्हा ऐकलं आणि "पुढे जा" म्हणाल्या.

आता पुरुषांची ओळ. टेनर हे वाद्य निवडलं की म्यूझस्कोर गुरुकिल्ली देतं ती खाली छोटा ८ असलेली. त्या ८ चा अर्थ: कागदावर दिसतं त्याच्या एक सप्तक खाली गायचं. मी बायकांची ओळ कॉपी करून तिथे पेस्ट केली. चाल पट्टीवरून उठून वर लेजर रेषांवर चढली, आणि कित्येक स्वर लाल झाले. घाबरायचं कारण नाही. पेस्ट करताना सॉफ्टवेअर वाजणारा स्वर जपतं. बायकांचा डी४ इथेही डी४च वाजणार, पण ८ वाल्या किल्लीत तो एक सप्तक वर लिहावा लागतो. लाल रंग म्हणजे हा स्वर त्या आवाजाच्या आवाक्याबाहेर आहे असा इशारा. गडद पिवळा म्हणजे हौशी माणसाला जड जाईल. हे रंग छापील कागदावर येत नाहीत. मग पहिल्या बारच्या रिकाम्या जागेवर क्लिक, शिफ्ट धरून शेवटच्या बारवर क्लिक, सगळ्या ओळीला निळी चौकट आली की कंट्रोल आणि खालचा बाण, एकदाच. ओळ खाली उतरली आणि कागदावर हुबेहूब बायकांच्या ओळीसारखी दिसू लागली. आवाज मात्र एक सप्तक खाली.

ती हालचाल डोळ्यांसमोर झाली तेव्हा नेटवरच्या त्या तीन उत्तरांचा उलगडा झाला. सप्तक बदलणं म्हणजे एक काम नाही. कंट्रोल आणि बाण दाबला की स्वरच हलतो, ऐकू येणाराही आणि दिसणाराही. किल्ली बदलली तर ऐकू येणारा स्वर तिथेच राहतो, दिसणारा हलतो. आणि चिन्हांच्या पॅलेटमधली ८व्हीएची तुटक रेघ टाकली तर दिसणारा स्वर जागचा हलत नाही, वाजतो मात्र एक सप्तक वर. आधी स्वतःला विचारायचं की मला ऐकू येणारं बदलायचं आहे की वाचायला सोपं करायचं आहे. हे ठरलं की कुठलं बटण ते आपोआप कळतं. मला हे कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर दसऱ्याची सुट्टी वाचली असती.

मधल्या कडव्यात बायकांचे दोन आवाज आहेत, एकाच पट्टीवर. त्यातला खालचाच आवाज हलवायचा होता. वरच्या आवाजाचे स्वर निवडल्यावर निळे दिसतात, दुसऱ्याचे हिरवे. एफ६ दाबलं की निवडीची चाळणी उघडते. त्यात पहिल्या आवाजाची खूण काढली की बार निवडला तरी फक्त दुसरा आवाज हातात येतो. नाहीतर कंट्रोल धरून एकेक स्वर टिपत बसावं लागतं.

फ्लूटचं काम सोपं. साध्या फ्लूटचा सर्वांत खालचा स्वर सी४. आमचा मंद्र धैवत बी३, म्हणजे अर्ध्या स्वराने हुकतो. अख्खी ओळ एक सप्तक वर नेली, बी४ ते ई६. फ्लूट तिथेच खुलते. पुण्याहून उत्तर आलं, "छान बसतंय, अजून काय हवंय?"

गिटारची गंमत जास्त. गिटारचं नोटेशन नेहमीच वाजतं त्याच्या एक सप्तक वर लिहितात, म्हणून तिथेही ८ वाली किल्ली. बायकांची ओळ पेस्ट केली तशी ती पुन्हा वर चढली. तशीच ठेवली असती तर आवाज बरोबर होता, पण तार रिषभासाठी बोट पहिल्या तारेच्या बाराव्या पडद्यावर न्यावं लागलं असतं. एक सप्तक खाली आणली तेव्हा मंद्र धैवत पाचव्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, सा चौथ्या तारेवर मोकळा, आणि तार रिषभ पहिल्या तारेवर मोकळा. अख्खी चाल पहिल्या पोझिशनमध्ये, म्हणजे हात न सरकवता. गिटारवाला हे बघून म्हणाला की मास्तरांनी चाल गिटारवरच बांधली असणार. मास्तरांनी आयुष्यात गिटारला हात लावला नसेल, पण त्याचा उत्साह मी कशाला मोडू?

व्हायोलिनला शेवटच्या कडव्यात वरचे साथीचे स्वर दिले होते. लेजर रेषांची शिडी लागली म्हणून मी ८व्हीए टाकली. वर सांगितल्याप्रमाणे रेघ टाकल्यावर वाजणारा स्वर एक सप्तक वर जातो, म्हणून त्यानंतर त्याच स्वरांना कंट्रोल आणि खालच्या बाणाने खाली आणावं लागतं. तेव्हा कागद सुटसुटीत होतो आणि आवाज मूळचाच राहतो. एवढं करून पाठवलं, तर बंगळुरूहून निरोप आला की व्हायोलिनवाल्यांना उंच लेजर रेषांची सवय असते, ८व्हीएमुळेच अडखळायला होतं, काढून टाका. काढली. पियानो-कीबोर्डच्या लोकांना ती रेघ आवडते, व्हायोलिनच्या लोकांना नाही. वाजवणाऱ्याला आधी विचारावं, एवढं त्यातून घेतलं.

बासच्या कागदावर माझा सर्वांत जास्त वेळ गेला. चाल नव्हतीच द्यायची, सा आणि पंचमाचा आधार तेवढा. पण डबल बासही लिहिलेल्याच्या एक सप्तक खाली वाजतो. म्यूझस्कोरच्या खालच्या पट्टीत कॉन्सर्ट पिच नावाचं बटण आहे. ते चालू असेल तर सगळी वाद्यं खऱ्या आवाजात दिसतात आणि बासच्या किल्लीखाली छोटा ८ येतो. बंद केलं की तो ८ जातो. स्वर मात्र दोन्ही वेळा कागदावर त्याच जागी. मी पहिला कच्चा पीडीएफ सगळा स्कोअर, म्हणजे सगळ्यांच्या ओळी, एकत्र दिसावा म्हणून कॉन्सर्ट पिचमध्येच पाठवला होता. रात्री अकराला श्टुटगार्टहून फोन.

"ताई, किल्लीखाली ८ आहे. बास तसाही एक सप्तक खाली वाजतो. तुम्हाला अजून एक खाली हवाय का?"

"नाही रे. कागदावर मधल्या रेषेवरचा डी आहे ना, तोच वाजव. तो आपोआप डी२ होतो."

"मग ८ काढून द्या. इथे आमच्या ऑर्केस्ट्रात बासच्या कागदावर ८ कोणी लिहीत नाही."

त्याहून खालचा सा हवा असता तरी मिळाला नसता. चार तारांच्या बासची सर्वांत जाड तार ई१ ला संपते, डी१ त्याच्या खाली. म्हणून वाजवणाऱ्यांना कागद पाठवण्याआधी कॉन्सर्ट पिच बंद आहे ना, हे बघा. फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची असेल तर म्युझिकएक्सएमएल द्यावं लागतं. त्याच्यासोबत पीडीएफ आणि एमपी३ द्याच, म्हणजे एखादी ओळ सप्तकाने इकडची तिकडे झाली तर कान लगेच पकडतो.

आणि हो, बास लॅपटॉपच्या स्पीकरवर तपासू नका. डी२ म्हणजे ७३ हर्ट्झच्या आसपास, त्याखालचा पंचम ५५. लॅपटॉपचा स्पीकर तिथवर पोचतच नाही. आपल्याला वरचे उपस्वरच ऐकू येतात आणि ओळ एक सप्तक वर वाजतेय असा भास होतो. मुलाचे हेडफोन मागून घेतले तेव्हा कुठे खात्री झाली.

हे चालू असताना कागदपत्रांची दुसरी आघाडी उघडलेलीच होती. समितीत एक वकील आहेत. त्यांनी विचारलं, चालीचे हक्क कोणाकडे? मास्तर १९९१ मध्ये गेले. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे रचनाकाराच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. शाळेचं गीत आहे म्हणून ते शाळेचंच, असं आपण धरून चालतो. तसा लेखी कागद मात्र शाळेच्या दप्तरात कुठे सापडला नाही. मग मास्तरांच्या मुलाची आणि मुलीची लेखी संमती घ्यायचं ठरलं. मसुद्यात वकीलसाहेबांनी चार गोष्टी वेगळ्या लिहायला लावल्या: वाद्यांसाठी मांडणी, पार्टची (प्रत्येकाच्या वेगळ्या कागदाची) छपाई, मंचावर सादरीकरण, आणि व्हिडिओ नेटवर टाकणं. "नुसतं 'वापरास हरकत नाही' लिहू नका, कशाला हरकत नाही ते लिहा." स्टॅम्प पेपर लागेल का, यावर एक अख्खी बैठक गेली. शेवटी साधा कागद, दोन साक्षीदारांच्या सह्या, यावर मिटलं. मुलगा कोल्हापुरात, त्याची सही ऑक्टोबरातच मिळाली. मुलगी इचलकरंजीत, पण दिवाळीला ती लेकीकडे गेलेली. तिचं पत्र नोव्हेंबरच्या मध्यावर आलं. सहीसोबत एक चिठ्ठी होती: बाबा हे गीत घरी जरा संथ म्हणायचे. त्यावरून मी लय थोडी उतरवली. असं कोणाला करायचं असेल तर संमतीचं काम पहिल्याच आठवड्यात हाती घ्या. सॉफ्टवेअरचं काम रात्री जागून उरकता येतं, सही जागून मिळत नाही.

संमती हाती येईपर्यंत समितीने छपाईचा ठराव केला नाही, आणि ते बरोबरच होतं. ठराव नोव्हेंबरच्या शेवटच्या बैठकीत झाला. वरच्या पार्ट्स बटणातून प्रत्येकाचा पार्ट वेगळा काढता येतो, आणि तो मूळ स्कोअरशी जोडलेला राहतो: स्कोअरमध्ये स्वर हलवला की पार्टमध्येही हलतो. त्यामुळे शेवटच्या क्षणी बायकांच्या ओळीत एक जागा बदलली तेव्हा सगळं पुन्हा करावं लागलं नाही.

खर्च. सॉफ्टवेअर शून्य. ए४ छपाई पानाला ३ रुपये, स्कोअरच्या स्पायरल प्रती धरून एकूण ७८० रुपये. बास विमानाने आणणं शक्यच नव्हतं. तो पुण्याहून भाड्याने आणला, भाडं आणि टेम्पो मिळून ६,५०० रुपये, आणि हा आकडा ऐकून खजिनदार काकांनी चष्मा काढून पुसला. छपाईची पावती मी साध्या चिटोऱ्यावर आणली होती. काका म्हणाले, "पक्कं बिल आण, शिक्क्यासकट, शाळेच्या नावाने." झेरॉक्सवाल्याने शिक्का शोधायलाच दोन दिवस लावले. दुकानात पाऊल ठेवतानाच बिल कोणाच्या नावे हवं ते सांगा.

छपाईबद्दल एक बारीक सूचना. किल्लीखालचा तो ८ इतका छोटा असतो की हलक्या छपाईत तो पुसट होतो आणि नवख्या गाणाऱ्याला दिसत नाही. पुरुषांच्या पार्टवर मी वरती साध्या मराठीत लिहिलं: "तुमच्या नेहमीच्या आवाजात गा, बायकांच्या सप्तकात नाही." आमच्यातल्या बहुतेकांना किल्लीशी काही देणंघेणं नव्हतं, ती ओळ मात्र सगळ्यांनी वाचली.

९ जानेवारीला सगळे शाळेच्या हॉलमध्ये जमले. मला धास्ती होती ती पहिल्या आवर्तनाची, कारण वेगवेगळ्या गावात बसून सराव केलेली माणसं एकाच सप्तकविभागणीत येतील का, हे कागदावरून कळत नाही. आली. पुरुष दोन ठिकाणी बायकांच्या मागे वरच्या सप्तकात ओढले गेले, सवयीने. बाईंनी हार्मोनियमवर खालचा सा धरून ठेवला आणि ते परत आले. बासवाल्याला भाड्याच्या बासची उंची जमेना, त्याने पायाखाली शाळेचा पाट घेतला. कार्यक्रमात गीत नीट झालं. मास्तरांची मुलगी पहिल्या रांगेत होती आणि ती सगळं गीत सोबत म्हणत होती, तेही आम्ही धरलेल्या लयीत, म्हणजे चिठ्ठी कामी आली.

फेब्रुवारीच्या बैठकीत बिलं मंजूर झाली. मूळ फाइल, पीडीएफ, म्युझिकएक्सएमएल आणि संमतीपत्रांचे स्कॅन एका पेनड्राइव्हवर घालून शाळेला दिले; फाइलच्या नावातच सा कुठला धरला ते लिहिलंय, "पांढरी दोन" असं. मास्तरांच्या वहीच्या फोटोंसोबत बाईंनी लिपीच्या खुणांचा एक कागद जोडायला लावला, टिंब वर म्हणजे मंद्र, पहिल्याच ओळीत.

आता आठवीच्या मुलींना हेच गीत काळी चारला हवंय. ते सप्तकाचं काम नाही, पट्टीचं आहे. टूल्स मेनूतल्या ट्रान्सपोजमध्ये जाऊन की सिग्नेचरसकट हलवावं लागतं, आणि वर न्यायचं की खाली हे मुलींचा आवाज ऐकून ठरवायचंय. बाईंनी परीक्षा झाल्यावर त्यांना बोलावलंय.